सोसायचे काय आणि त्याच दिवशी सांगायचे काय: फुप्फुसाच्या संसर्गावरील दीर्घ औषधोपचार निभावताना

औषधांची पहिली मात्रा घेतली त्याच दिवशी दुपारी लघवी गडद केशरी रंगाची झाली आणि मी घाबरून मुलाला कामाच्या ठिकाणी फोन केला. रिफाम्पिसिन नावाच्या औषधाने असे होतेच, हे डॉक्टरांनी मला सांगितले होते की नाही, ते आज आठवत नाही. सांगितले असले, तरी त्या दिवशी कानांवर इतके काही पडले होते की तेवढेच नेमके निसटले असणार. पुढे अठरा महिने ही औषधे चालली. त्या काळात मला जे शिकावे लागले, ते पहिल्याच आठवड्यात कोणी एकत्र लिहून दिले असते, तर निम्मी धास्ती वाचली असती, या विचाराने हे लिहीत आहे.

मला झालेला आजार क्षय नव्हता. क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंद म्हणता येतील असे काही जंतू माती-पाण्यात असतात आणि ते सहसा कोणाला काही करत नाहीत. पण ज्यांच्या श्वासनलिका आधीच रुंदावलेल्या किंवा दुखावलेल्या असतात, अशांच्या फुप्फुसांत ते ठाण मांडून बसतात. त्यांपैकी ‘मॅक’ या नावाने ओळखला जाणारा गट माझ्या वाट्याला आला. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू क्षयाच्या जंतूंसारखेच दिसतात, त्यामुळे आपल्याकडे आधी क्षयाचीच औषधे सुरू होणे आणि थुंकीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, म्हणजे कल्चरचा, अहवाल आल्यावर खरा प्रकार कळणे, हे अनेकांच्या बाबतीत घडते. उपचारात ॲझिथ्रोमायसिन, एथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन अशी तीन औषधे एकत्र असतात. आजार सौम्य असेल तर आठवड्यातून ३ दिवस, फुप्फुसात पोकळी झालेली असेल तर रोज. आणि थुंकीच्या कल्चरमध्ये जंतू उगवेनासे झाल्यानंतरही पुढे १२ महिने ती घ्यावी लागतात. माझे वार सोमवार, बुधवार आणि शुक्रवार होते. क्षयाचे उपचार घेणाऱ्यांच्या गोळ्या थोड्या वेगळ्या असतात, तरी पुढील बराच भाग त्यांनाही लागू पडेल.

नेमकी तीच गोळी सोडण्याचा मोह

सर्वांत आधी सांगण्याची गोष्ट ही, कारण घरोघरी चूक होते ती इथेच. मळमळ कोणत्या गोळीने होते, हे पेशंटला आठ-दहा दिवसांत कळते, किंवा निदान आपल्याला कळले असे त्याला वाटते. मग मनात येते की बाकीच्या चालू ठेवाव्यात आणि एवढी एक काही दिवस सोडून पाहावी. मलाही तिसऱ्या आठवड्यात असे वाटले होते आणि एका बुधवारी मी रिफाम्पिसिनची ती मोठी लाल कॅप्सूल डब्यात तशीच ठेवली होती.

हे वरवर शहाणपणाचे दिसते, पण असते उलट. या जंतूंवर तीन औषधे एकदम चालवण्याचे कारणच हे आहे की एका औषधाला दाद न देणारे थोडे जंतू असले, तरी ते दुसऱ्याच्या तावडीत सापडावेत. सोबतची औषधे गळली आणि ॲझिथ्रोमायसिन एकटेच पोटात जात राहिले, तर त्याला न जुमानणारे जंतूच मागे उरून वाढतात. आणि ‘मॅक’च्या उपचारात ॲझिथ्रोमायसिनच्या तोडीचे दुसरे हत्यार जवळपास नाही. रिफाम्पिसिनचीही एक वेगळी खोड आहे: ते मध्येच सोडून काही दिवसांनी पुन्हा घेतले, तर काहींना फ्लूसारखा कणकणता ताप येतो आणि क्वचित रक्तातील प्लेटलेट एकदम उतरतात. म्हणून नियम असा ठेवावा, की त्रास सोसवत नसेल तर फोन करून सर्व हकिकत सांगावी आणि कोणते औषध थांबवायचे, की सगळीच थांबवायची, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. यकृताला सूज आल्यास ते सर्व औषधे थांबवतात आणि नंतर एकेक करून परत सुरू करतात. त्या क्रमालाही अर्थ असतो, तो घरी जुळवता येत नाही.

मी ती कॅप्सूल ठेवली त्याच्या पुढच्या भेटीत खरे सांगून टाकले. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी गोळ्यांची वेळ बदलून दिली, आणि मला तीन आठवडे जो त्रास झाला तो पहिल्याच आठवड्यात सांगितला असता तर टळला असता, एवढे मात्र लक्षात आले. आपल्याकडे, विशेषतः माझ्या पिढीतील बायकांना, सोसण्याचे फार कौतुक असते. या आजारात ते कौतुक महाग पडते.

मळमळ, तोंडाची चव आणि पोट

रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी अधिक चांगले शोषले जाते, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. मला सकाळच्या रिकाम्या पोटी ते अजिबात मानवत नव्हते. डॉक्टरांच्या संमतीने मी संध्याकाळचे जेवण साडेसातला उरकू लागले आणि तिन्ही औषधे रात्री दहाला घेऊ लागले. मळमळीचा मुख्य भाग झोपेत निघून गेला. हे प्रत्येकाला जमेल असे नाही. काहींना गोळ्यांबरोबर थोडेसे खाल्ल्याशिवाय चालत नाही, आणि तसे डॉक्टरांनी मान्य केले तर चालते, कारण किंचित कमी शोषले गेलेले औषध हे उलटून पडलेल्या औषधापेक्षा बरेच. गोळ्या घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर दुसरी मात्रा आपल्या मनाने घेऊ नये, विचारून घ्यावे.

जेवणाचे म्हणाल तर औषधाच्या दिवशी फोडणी, तळण आणि मसाल्याचा वाससुद्धा नको होतो. मेतकूट-भात, मुगाच्या डाळीची आसट खिचडी, भाकरीचा पापुद्रा ताकात कुस्करून, असे थोडे थोडे पाच-सहा वेळा खाल्ले की निभते. आल्याचा लहानसा तुकडा सैंधव लावून तोंडात धरला तर मळमळ थोडी दबते. ॲझिथ्रोमायसिनऐवजी ज्यांना क्लॅरिथ्रोमायसिन दिलेले असते, त्यांच्या तोंडाला धातूसारखी कडवट चव येते, तिच्यावर आमसुलाचे सार किंवा लिंबाची फोड बरी. दर रविवारी एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावे. या आजारात मुळातच वजन उतरलेले असते, आणि महिन्यात दीड-दोन किलो उतरणे हे डॉक्टरांना सांगण्याइतके मोठे कारण आहे.

उपासाचा प्रश्न आमच्या घरी गंभीर होता. माझा औषधाचा वार सोमवार आणि पुढे श्रावण आला. पहिला श्रावणी सोमवार मी हट्टाने केला. दिवसभर साबुदाणा आणि चहा, संध्याकाळी सोमवार सोडताना पानभर जेवण, त्यावर रात्री गोळ्या. मंगळवार सगळा अंथरुणात गेला. सासूबाई नव्वदीला टेकलेल्या, पण त्याच म्हणाल्या, ‘‘अगं, महादेव काय रागावतो का? तू नुसता बेल वाहा.’’ पुढचे सोमवार तसेच केले.

जुलाबांच्या बाबतीत दोन प्रकार ओळखता यायला हवेत. दिवसातून दोन-तीनदा पातळ होणे, पोटात गुरगुरणे, हे ॲझिथ्रोमायसिनचे नेहमीचे आहे. ताज्या दह्याचे ताक, जलसंजीवनीचे पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यात, एवढ्यावर बहुधा भागते. परंतु पाण्यासारखे जुलाब दिवसातून अनेकदा, त्याबरोबर ताप, पोटात मुरडा किंवा रक्त असे दिसले, तर तो साधा अपाय नसून, प्रतिजैविकांनी आतड्यातील नेहमीचे जंतू मेल्यावर माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी शौचाची तपासणी लागते, आणि ती होईपर्यंत जुलाब बंद करणारी गोळी घेऊ नये, कारण आतले विष आतच राहते. जिभेवर पांढरा, खरवडल्यावर दुखणारा थर किंवा योनिमार्गात खाज, ही बुरशीची लक्षणे असतात. त्यावर साधे औषध असते, फक्त संकोच न करता सांगावे लागते.

केशरी रंगाआड लपणारी कावीळ

लघवी, घाम, अश्रू आणि थुंकी यांचा केशरी रंग निरुपद्रवी असतो आणि औषध बंद झाल्यावर जातो. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स मात्र कायमच्या डागाळतात, तेव्हा त्या काळात चष्मा वापरावा. पांढऱ्या कपड्यांच्या काखेतील डागांविषयी मी काही उपाय शोधू शकले नाही. जुने कपडे वापरले.

अडचण पुढेच आहे. यकृताला सूज येऊन कावीळ झाली, तरी लघवी गडद होते, आणि ती खूण या औषधात केशरी रंगाखाली दडून जाते. म्हणून लघवीवर भरवसा न ठेवता दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी आरसा धरून डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा नीट कळत नाही. शौचाचा रंग मातकट फिका होणे, अंगाला खाज, उजव्या बरगडीखाली दुखणे, आणि अन्नाची शिसारी येऊन चहासुद्धा नको होणे, यांतले काहीही आले की त्या दिवशीची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रक्ततपासणीत यकृताच्या एन्झाइमचे आकडे थोडे वाढलेले दिसले तर लगेच घाबरण्याचे कारण नसते. लक्षणे असताना ते कमाल मर्यादेच्या तिपटीच्या वर किंवा लक्षणे नसताना पाचपटीच्या वर गेले, तर डॉक्टर सहसा औषधे थांबवतात. या काळात मद्य वर्ज्य, आणि तापासाठी पॅरासिटामॉलसुद्धा विचारून, मोजून घ्यावे.

काढ्यांविषयी थोडे कठोर लिहिते. पुण्यात कोणालाही दोन महिने खोकला आहे असे कळले की घरी निदान चार जण काढ्याची कृती घेऊन येतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. त्या वादाचा निकाल आपण लावण्याची गरज नाही. यकृतावर आधीच भार टाकणारी औषधे चालू असताना त्यात आणखी एक अनिश्चित वस्तू घातली, आणि पुढे आकडे वाढले, तर दोष कोणाचा हेच कळत नाही आणि बिचारी गरजेची औषधे थांबतात, एवढे कारण मला पुरेसे वाटले.

डोळे: दिनदर्शिकेतील रविवार

एथॅम्ब्युटॉल पोटाला फारसा त्रास देत नाही, त्यामुळे ते औषध गरीब वाटते. पण त्याचा अपाय डोळ्यांच्या नसेवर होऊ शकतो, तो न दुखता होतो, आणि वेळीच औषध थांबवले तर बहुतेकदा भरून येणारी नजर उशीर झाल्यास परत येतेच असे नाही. मात्रा जास्त असेल, उपचार लांबलेला असेल किंवा मूत्रपिंडे कमजोर असतील तर धोका वाढतो. औषध सुरू होण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून नजर आणि रंगांची तपासणी करून तिचा कागद फाइलला लावावा, म्हणजे पुढे तुलनेला काहीतरी असते. नंतर ते सांगतील त्या अंतराने पुन्हा जावे.

मधल्या काळासाठी मी घरातली एक पद्धत बसवली होती. दर महिन्याच्या १ तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास, स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर ठरावीक फरशीवर उभे राहायचे. चष्मा लावलेला ठेवून एक डोळा तळहाताने, न दाबता, झाकायचा आणि दुसऱ्याने तिथीची बारीक अक्षरे कुठवर वाचता येतात ते पाहायचे. मग रविवारच्या लाल आकड्यांकडे पाहायचे. ही नस बिघडू लागली की लाल रंग आधी फिकटतो, कळकट दिसू लागतो, आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होतो. दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून एकेक डोळा.

अकराव्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याला ते रविवार विटकरी दिसले. मनात आले की उजेड कमी असेल, ढग आहेत, उद्या परत पाहू. त्याआधीच्याच आठवड्यात तुळशीबागेत ब्लाउजपीस जुळवताना दुकानदाराशी रंगावरून हुज्जत झाली होती, ती आठवली आणि मी लगेच फोन केला. एथॅम्ब्युटॉल थांबवायला सांगितले गेले, बाकीच्या औषधांचे काय करायचे तेही त्यांनीच सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी रंगांचे ठिपके असलेल्या पानांची, दृष्टिक्षेत्राची आणि नसेची तपासणी झाली. निघाला मोतीबिंदू, उजवीकडे नुकताच सुरू झालेला. नस चांगली होती आणि औषध परत सुरू झाले. फुकट धावपळ झाली असे हे म्हणाले. मला तसे वाटले नाही.

कान आणि हातपाय

आजार जास्त असेल किंवा जंतू ॲझिथ्रोमायसिनला दाद देत नसतील, तर ॲमिकॅसिनची इंजेक्शने देतात. मला ती लागली नाहीत, म्हणून अनुभवाचे काही सांगत नाही. पण ती ज्यांना लिहून दिली आहेत त्यांनी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, सुरुवातीलाच करून घ्यावी आणि पुढे ठरल्याप्रमाणे करत राहावी, कारण या औषधाने ऐकू येणे आधी अगदी उंच स्वरांचे कमी होते, बोलणे मात्र ऐकू येत राहते, आणि गेलेले ऐकू येणे परत येत नाही. कानात शिट्टी वाजणे, अंधारात जिना उतरताना तोल जाणे, ही लक्षणे त्याच दिवशी सांगण्याची आहेत. मूत्रपिंडांवरही भार येत असल्यामुळे गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नये. ॲझिथ्रोमायसिननेही काहींच्या कानात आवाज येतो. तो बहुधा औषध कमी केल्यावर किंवा थांबवल्यावर जातो.

क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिडने आणि लिनेझोलिडने तळपायांना मुंग्या येऊ शकतात. आयसोनियाझिडबरोबर ब६ जीवनसत्त्वाची गोळी त्यासाठीच असते, ती फालतू समजून टाळू नये. काहींना क्लोफाझिमिन हे औषधही देतात, त्याने कातडी तांबूस-काळपट आणि कोरडी होते, रंग उतरायला औषध थांबल्यावरही बरेच महिने लागतात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे लग्नकार्यात प्रत्येकाला उत्तर देत बसावे लागत नाही.

बाकीच्या गोळ्यांशी होणारे भांडण

रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे भराभर संपवायला लावते. मधुमेहाच्या अनेक गोळ्या, रक्तदाबाच्या काही, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, स्टेरॉइड, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचा परिणाम त्यामुळे उणा पडतो. ज्या तरुण स्त्रिया हे औषध घेत आहेत, त्यांनी गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नये, दुसरा उपाय विचारून घ्यावा.

माझ्याकडे थायरॉइडची गोळी होती. चौथ्या महिन्यापासून मला इतका थकवा येऊ लागला की सारसबागेपर्यंतची रोजची चाल निम्म्यावर आली, भर मे महिन्यात पायांना गारवा जाणवे. ‘औषधे जड आहेत, होणारच’ असे घरात सगळेच म्हणत होते आणि मीही म्हणत होते. रक्त तपासले तेव्हा टीएसएच चांगलेच वाढलेले निघाले, म्हणजे थायरॉइडची गोळी कमी पडत होती. थायरॉइडची मात्रा वाढवली आणि दीड-दोन महिन्यांत माणसात आले. जो त्रास औषधाचा म्हणून सोसत होते, तो वेगळाच होता आणि त्यावर सोपा उपाय होता.

दुसरी गोष्ट ॲसिडिटीच्या कॅप्सूलची. औषधाच्या दुकानात मळमळ होते म्हटले की काउंटरवरून ‘‘काकू, ही घ्या, सगळे घेतात’’ असे उत्तर मिळते. त्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा डोम्पेरिडोन असते, आणि ॲझिथ्रोमायसिनबरोबर ते घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉनचेही तेच. यासाठीच सुरुवातीला ईसीजी काढतात. एकाएकी चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत फडफड झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. पातळ अँटासिडही या गोळ्यांच्या आगेमागे लगेच घेऊ नये. एथॅम्ब्युटॉलपासून तर त्याला चार तासांचे अंतर हवे.

वही

शंभर पानी वहीत मी रोज एकच ओळ लिहीत असे: तारीख, गोळ्या घेतल्याची वेळ, त्रास काय आणि किती वाजता. ‘मळमळ’ एवढेच लिहून उपयोग नसतो. ‘रात्री ११ ते १, उलटी नाही, सकाळी ठीक’ असे लिहिले की डॉक्टरांना तीन मिनिटांत चित्र दिसते, आणि आपल्या वाट्याला तीन-चार मिनिटेच येतात. वहीच्या मागच्या पानावर सर्व चालू गोळ्यांची नावे होती, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही ती वही पिशवीत असे. गंभीर अपाय झाला तर तो शासनाच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर पेशंटलाही नोंदवता येतो. तो नोंदीसाठी आहे, उपचाराचा सल्ला मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

शेवटची मात्रा घेतल्यावर ही वही बंद करू नये. रिफाम्पिसिनचा यकृतावरील तो प्रभाव साधारण दोन आठवड्यांत ओसरतो, आणि मग त्याच्यामुळे वाढवलेल्या बाकीच्या मात्रा एकदम जास्त ठरू लागतात. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांत ते धोक्याचे असते, म्हणून उपचार संपण्याची तारीख त्या त्या डॉक्टरांना आधीच कळवावी. माझी थायरॉइडची गोळी सहा आठवड्यांनी रक्त तपासून पुन्हा पूर्वीच्या मात्रेवर आली. हा आजार पुन्हा उद्भवू शकतो, त्यामुळे थुंकीची कल्चर अजून ठरलेल्या अंतराने चालूच आहेत, आणि १ तारखेला दिनदर्शिकेसमोर उभे राहणेही, आता मोतीबिंदूसाठी.